पंचावन्न किलोंच्या आत

विजयमाला भाडळे लग्न होऊन वाघोलीत आली तेव्हा घरामागे अजून ज्वारी उभी असायची. सासरे वारले होते. ते पैलवान. पुढच्या खोलीत त्यांचा फोटो होता, डोक्याला फेटा, खांद्यावर गदा, आणि सासूबाई सोजरबाई रोज सकाळी पदरानं त्या फोटोची काच पुसायच्या. विजयमालाचं माहेर गुलटेकडीचं, वडील मार्केट यार्डात हमाल. अंग कमवायचं असतं, त्याला तेल लावायचं असतं, त्याचं कौतुक करायचं असतं, हे तिला सासरी येऊन कळलं. माहेरी अंग नुसतं झिजायचं.

मुलगा झाला तेव्हा त्याला आजोबांचंच नाव ठेवलं, संपत. सासऱ्यांचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून ती त्याला दादा म्हणायची. धाकटी नीरजा बोलायला लागली तशी तीही दादाच म्हणू लागली.

संपत चौथीत असताना आपण होऊन कुस्तीच्या मातीत उतरला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे लोक म्हणाले की बापानं पोराला भरीला घातलं. तसं नव्हतं. त्याचे वडील हिंदुराव स्वतः लहानपणी कुस्ती खेळले होते, गुडघा गेला म्हणून सुटली, आणि ती रुखरुख त्यांच्या मनात होती हे खरं. पण पहाटे आईच्या आधी उठून लंगोट शोधणारा मुलगा संपतच होता. शेतात इमारती उभ्या राहिल्या, हिंदुराव त्याच इमारतींना पाण्याचे टँकर पुरवायला लागले, घर दुमजली झालं, आणि या सगळ्यात त्या मुलाचं लक्ष फक्त मातीकडे होतं. विजयमालेला त्याचं खाणं बघायला आवडायचं. तालमीतून आला की तो ओट्याशी उभा राहूनच तव्यावरची भाकरी उचलायचा. तिच्या आयुष्यात एवढं मनापासून तिच्या हातचं कुणी खाल्लं नव्हतं.

आठवीत तो जवळच्या हायस्कुलात गेला. तिथे मॅटवरची कुस्ती होती आणि शिकवायला मेहबूब सर होते. सर मूळचे शनिवार पेठेतले. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या पेठेतल्या तालमीत घुमलेल्या. बोलणं मोजकं, आवाज कधी चढायचा नाही, आणि मुलांवर हात उगारायचा नाही हा त्यांचा पक्का नेम.

संपत दहावीत गेला त्या वर्षी, शाळा सुरू झाल्याझाल्या, शाळेनं खेळाडूंच्या पालकांची सभा घेतली. विजयमालाही गेली होती. हिंदुराव पुढच्या रांगेत, ती मागे बायकांमध्ये. मेहबूब सरांनी छापील नियम वाचून दाखवले. खेळाडूची हजेरी भरली पाहिजे. नापास झाला तर त्याला स्पर्धेला नेणार नाही. पालकांनी मॅटजवळ यायचं नाही, पंचांशी बोलायचं नाही. प्रशिक्षकाबद्दल तक्रार असेल तर ती मुलासमोर करायची नाही. प्रशिक्षकानं मुलाला मारायचं नाही. वजन उतरवण्यासाठी मुलाचं पाणी बंद करायचं नाही, औषध द्यायचं नाही. आजारपण लपवायचं नाही. खाली पालकाची सही.

हिंदुरावांनी सही केली. कागद न वाचताच केली असं नाही, वाचून केली.

मग सरांनी कुस्तीच्या मुलांच्या पालकांना थांबवून घेतलं. "एका वजनगटात शाळेचा एकच मुलगा उतरतो," ते म्हणाले. "साठ किलोत आपला यज्ञेश्वर आहे. गेल्या वर्षी तो विभागापर्यंत गेला होता. संपतचं वजन आता अठ्ठावन्नच्या पुढे आहे. म्हणजे त्यालाही साठातच यावं लागेल, आणि तिथे जागा नाही. पंचावन्नात उतरला तर तो राज्यापर्यंत जाईल. हे मी उगाच म्हणत नाही."

"उतरंल की," हिंदुराव म्हणाले.

"हळूहळू उतरवायचं. गोड बंद, तळलेलं बंद. दोन महिने आहेत."

मागून विजयमाला म्हणाली, "मग त्यानं खायचं काय?"

लोक हसले. सरही थोडं हसले. "वहिनी, खायला भरपूर आहे. मी लिहून देतो." आणि त्यांनी खरंच लिहून दिलं.

पहिला महिना बरा गेला. उकडलेली अंडी, काकडी, मूग. संपत कुरकुर न करता खायचा. वजन थोडं उतरलं आणि मग थांबलं. सोळाव्या वर्षातलं अंग. मनगटं रुंद होत होती, खांदे शर्टात मावत नव्हते, उंची दर आठवड्याला दाराच्या चौकटीकडे सरकत होती. त्याच्या अंगाला वाढायचं होतं आणि घरातले सगळे त्याला आकसून घे म्हणत होते.

हिंदुरावांनी वजनकाटा आणून पुढच्या खोलीत ठेवला. सकाळी उठल्यावर काटा, शाळेतून आल्यावर काटा, झोपताना काटा. मग दुपारच्या उन्हात जाड जर्किन आणि त्यावर रेनकोट घालून पळणं सुरू झालं. टँकरचा ड्रायव्हर पाठवून नाही, हिंदुराव स्वतः मोटारसायकलवर मागून जायचे. मग पाणी कमी झालं. आधी तांब्याचा पेला झाला, पेल्याची वाटी झाली.

"अहो, सरांनी पाणी बंद करायचं नाही म्हटलंय," विजयमाला म्हणाली.

"बंद कुठं केलंय? कमी केलंय."

"सरांना विचारलं का?"

"सर त्यांचं बघत्यात, आपण आपलं बघायचं. पोरगं तयार हाय, तुझं काय मधीच?"

पोरगं तयार होतं, हीच तर अडचण होती.

शहराच्या स्पर्धेत संपत काट्यावर जेमतेम बसला आणि सगळ्या कुस्त्या मारून आला. गल्लीत फटाके वाजले. हिंदुराव त्याला खांद्यावर घेऊन आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सोजरबाईंनी फोटोला हार घातला. संध्याकाळी संपत आंघोळीला गेला आणि न्हाणीघरात धप्पकन आवाज झाला. दार आतून लावलेलं नव्हतं म्हणून बरं. तो फरशीवर बसला होता, भिंतीला टेकून, ओठ पांढरे. "काही नाही, आई," तो म्हणाला, "पाय घसरला." फरशी कोरडी होती.

जिंकलेल्या मुलानं पुढे विभागाच्या स्पर्धेत त्याच गटात उतरायचं असतं. म्हणजे वजन आता आणखी काही आठवडे धरून ठेवायचं. विजयमालेला वाटलं होतं की स्पर्धेचा एक दिवस होता, तो संपला. उलट आता कुठे सुरू झालं होतं.

संपतचा स्वभाव बदलला. जेवायच्या वेळी तो गच्चीवर जाऊन बसायचा, फोडणीचा वास येऊ नये म्हणून. अभ्यासाला बसला की तेच पान समोर तासभर. नीरजानं त्याच्यासमोर चिक्की खाल्ली म्हणून त्यानं तिला ढकललं, आणि मग स्वतःच रडायला लागला. पायांत गोळे यायचे. एकदा विजयमालेला त्याच्या दप्तरात प्लास्टिकची बाटली सापडली, तळाशी काहीतरी फेसाळ. तिनं झाकण उघडलं. थुंकी होती. दिवसभर वर्गात बसून तो तोंडातली लाळ त्या बाटलीत थुंकत होता. अंगातून जेवढं बाहेर जाईल तेवढं वजन कमी.

ती बाटली हातात घेऊन ती न्हाणीघराच्या पायरीवर बसली.

त्या दिवसापासून तिनं एकेक दार वाजवायला सुरुवात केली.

आधी संपतकडेच गेली. लिंबू-पाणी करून त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते घेतलं नाही. "आई, प्लीज. माझा फोकस घालवू नकोस."

"दादा, अरे एवढं घोटभर."

"तू माझ्या बाजूची आहेस की नाहीस?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते त्याला ऐकू गेलं नसतं.

मग ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली, खोकल्याचं निमित्त करून. डॉक्टरांनी जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच वर उभी राहिली. "याला पाणी का देत नाही?" त्यांनी विचारलं. संपत म्हणाला, "देतात की." डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर किडनीवर येईल. विजयमालेनं घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. हिंदुराव म्हणाले, "डॉक्टर काय, सर्दीलाबी घाबरवत्यात." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. ताट सारून उठले आणि बाहेर टँकरपाशी जाऊन उभे राहिले. तिला वाटलं आता मन बदलेल. सकाळी काट्याचा आवाज आला.

मग ती शाळेत गेली. मेहबूब सर मॅट धुऊन घेत होते. त्यांनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"सर, त्याचं पाणी बंद आहे."

सर थांबले. "वहिनी, माझा नियम तुम्ही ऐकलाय. मी कधी पाणी बंद करायला सांगितलं नाही."

"तुम्ही नाही सांगितलं. घरी बंद आहे."

"संपत तर म्हणतो डाएटवर आहे."

"तो म्हणेलच. तुम्हाला दिसत नाही का, सर? तुम्ही रोज त्याला धरता, तुमच्या हाताला लागत नाही का?"

मेहबूब सरांनी संपतला बोलावून घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सांगितलं की मी तुझं नाव काढून घेतो. पुढच्या वर्षी अकरावीत खेळ, वरच्या गटात. संपतनं सरांचे पाय धरले, सोडेना. "सर, नाव काढू नका. मी पितो पाणी. आजपासून पितो. विचारा आईला." सरांनी विजयमालेकडे पाहिलं. संपतनंही पाहिलं. ती "हो" म्हणाली नाही, आणि "नाही"ही म्हणू शकली नाही.

"बरं," सर शेवटी म्हणाले. "पण पाणी पिऊन वजन बसलं तरच उतरवीन. नाही बसलं तर नाही." शाळेतून राज्याला अजून कुणी गेलेलं नव्हतं. सरांच्या नोकरीची शेवटची वर्षं होती. त्यांचा स्वतःच्या शब्दावर विश्वास होता की त्यांना तो ठेवायचा होता, हे विजयमालेला तेव्हाही समजलं नाही आणि नंतरही नाही.

राहिल्या मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा काढून ऐकून घेतलं. "आई म्हणून तुमची काळजी मी समजू शकते. पण नियमांवर वडिलांची सही आहे, मुलगा स्वतः तयार आहे आणि प्रशिक्षकांची हरकत नाही. उद्या एखादी आई येईल आणि म्हणेल, माझ्या मुलाला गणिताच्या पेपरचा ताण येतो, पेपर रद्द करा. तर काय करायचं आम्ही?"

"नियमात लिहिलंय ना, बाई, पाणी बंद करायचं नाही म्हणून."

"शाळेत आम्ही बंद करत नाही," बाई म्हणाल्या. "घरी काय चालतं ते तुम्ही बघायचं."

नवरा म्हणे पोरगं तयार आहे. सर म्हणाले मुलगा सांगतोय. शाळा म्हणे घरानं बघावं. त्या दिवशी ती बसनं न जाता पायीच घरी निघाली. नगर रस्त्यावर वाहनं खोळंबली होती, हॉर्न वाजत होते, आणि तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती. घरी जाऊन काटा फोडावा, टँकरचा नळ सोडून द्यावा, मुलाला दोरीनं बांधून त्याच्या तोंडात पाणी ओतावं, असं काहीबाही डोक्यात येत होतं.

सोजरबाईंना तिनं घरी गेल्यावर विचारलं, "आत्या, मामंजी असं करायचे का?"

सोजरबाई तांदूळ निवडत होत्या. "त्येंच्या टायमाला काटा नव्हता गं," त्या म्हणाल्या. "हाय तसा मानूस आखाड्यात जायाचा." एवढंच. मुलाला त्या काही बोलल्या नाहीत. घरात त्यांचा शब्द चालायचा, आणि त्यांनी तो टाकला नाही.

विभागाची स्पर्धा ऑक्टोबरात होती, शहरातल्या एका क्रीडासंकुलात. पाऊस गेला होता आणि ऊन असं पडलं होतं की सकाळीच डोळे दिपत. हिंदुराव गाडी चालवत होते. संपत मागे विजयमालेशेजारी, अंगात दोन स्वेटर, काचा बंद. तिनं डबा घेतला होता, वजन झाल्यावर त्याला खाऊ घालायला, आणि पाण्याच्या बाटल्या. त्या बाटल्यांकडे तो एकदाही बघत नव्हता.

संकुलाच्या व्हरांड्यात सरावाचा काटा ठेवलेला होता. शर्ट काढून, श्वास सोडून संपत त्यावर उभा राहिला. आकडा पंचावन्नच्या थोडासा वर थांबला. थोडासाच. एक वाटी पाण्याइतका.

"चल, चार चकरा मार," हिंदुराव म्हणाले.

खऱ्या वजनाला अवकाश होता. मेहबूब सर आत कागदपत्रं दाखवायला गेले होते, यज्ञेश्वरला घेऊन. पालकांना आत सोडत नव्हते. संपत स्वेटर घालून गाड्या लावायच्या जागेत पळायला लागला. हिंदुराव त्याच्याबरोबर लंगडत पळत होते, गुडघा धरून. "शाबास. आणखी एक. आणखी एक, बाळा." ती सावलीत उभी राहून बघत होती. मुलगा पळत नव्हता, पावलं फरफटत होती. एका वळणावर तो थांबला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, जणू कुणाशी बोलतोय.

हिंदुराव त्याला धरून सावलीत घेऊन आले, पायरीवर बसवलं. "घाम येईना झालाय," ते तिला म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "च्युइंगम आणतो. ते चघळून थुंकलं की बसंल. तू बस हितं." आणि ते फाटकाबाहेरच्या टपरीकडे गेले.

तिनं मुलाच्या स्वेटरमध्ये हात घातला. पाठ तव्यासारखी तापलेली आणि कोरडी ठणठणीत. एक थेंब घाम नाही.

"दादा?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळे तिच्यावर होते, पण ओळख नव्हती. "मॅडम," तो म्हणाला, "आज पेपर कुठला आहे?"

विजयमालेनं नंतर कुणाला सांगताना एवढंच सांगितलं की त्यापुढचं तिनं विचार करून केलं. घाबरून नाही केलं. पाणी दिलं की वजन हुकेल, वजन हुकलं की त्याचं सगळं जाईल, आणि तो तिला माफ करणार नाही, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं.

तिनं बाटली उघडून त्याच्या ओठांना लावली. आधी तो प्यायला. तहानलेलं जनावर पितं तसा, डोळे मिटून, हनुवटीवरून ओघळ. अर्धी बाटली गेली. मग त्याला भान आलं. डोळे उघडले, त्यानं आईला पाहिलं, बाटली पाहिली, आणि तिचा हात झटकला. "नाही! आई, नाही!"

तिनं एका हातानं त्याचा जबडा धरला. तान्हा असताना औषध पाजायची तसा, दोन्ही गाल दाबून. पैलवान मुलगा, एरवी तिला एका हातानं उचलून बाजूला ठेवेल असा. त्या दिवशी त्याच्या अंगात आईचा हात सोडवण्याइतकंही बळ नव्हतं. ती ओतत राहिली. तो रडत होता आणि रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. दुसरी बाटली तिनं त्याच्या डोक्यावर ओतली, स्वेटरवर, मानेवर. आजूबाजूचे पालक बघत होते. एक बाई ओरडली, "अहो, काय करताय? वजन व्हायचंय ना त्याचं?"

हिंदुराव च्युइंगम घेऊन आले तेव्हा मुलगा ओल्या पायरीवर आडवा पडला होता. त्यांना काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. त्यांनी रिकामी बाटली उचलून भिंतीवर फेकली. "मारलंस त्याला," ते म्हणाले. "माझ्या पोराला मारलंस तू." त्यांचा हात वर गेला होता. तो खाली यायच्या आत मेहबूब सर धावत आले, कुणीतरी त्यांना आतून बोलावून आणलं होतं. सरांनी संपतच्या कपाळाला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अँब्युलन्स," ते ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मुलांनी पहिल्यांदाच ऐकला. मग ते हिंदुरावांकडे वळले. "मुलगा उतरणार नाही. मी आत सांगून येतो."

दवाखान्यात संपतला सलाईन लावलं. काखेत आणि मानेला बर्फ. तरुण डॉक्टर होती, तिनं विचारलं, "या उन्हात स्वेटर घालून कुणी पळवलं याला?" हिंदुराव भिंतीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी लघवी साफ व्हायला लागली, आणि डॉक्टर म्हणाली की किडनी सावरेल. विजयमालेनं दवाखान्याच्या जिन्यात बसून पहिल्यांदा तोंडात घास घातला.

संपत वाचला. पण घर काही सावरलं नाही.

तो आईशी बोलेनासा झाला. हवं ते नीरजाकडून मागायचा. हिंदुरावांनी काटा बाहेर नेऊन टँकरच्या शेडमध्ये टाकला, पण तेही तिच्याशी बोलत नव्हते. जेवायला बसले की ताटाकडे बघून जेवायचे. कित्येकदा तिला वाटायचं की या माणसाला सगळं कळलंय, आणि कळलंय म्हणूनच तो माझ्याकडे बघू शकत नाही. पण तसं ते कधी म्हणाले नाहीत.

शाळेत वेगळंच झालं. झालेला प्रकार वरपर्यंत गेला. पालकांची पुन्हा सभा झाली. कुणी म्हणालं, सरांची चूक. कुणी म्हणालं, पालकांची. नियमांच्या कागदात आणखी दोन कलमं घालावीत, वर्षाच्या सुरुवातीला डॉक्टरांकडून मुलाचं वजन ठरवून घ्यावं आणि त्याच गटात त्याला उतरवावं, असं मेहबूब सरांनी सुचवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कलमं वाढवण्यापेक्षा खेळच कमी करू. जबाबदारी कोण घेणार?" शाळेनं कुस्ती बंद केली. मॅट गुंडाळून प्रयोगशाळेमागे ठेवली. यज्ञेश्वर विभागात जिंकून राज्याला निवडला गेला होता. त्याला सराव करायला जागा उरली नाही. तो राज्यात पहिल्याच फेरीत हरून आला.

मुलांनी याचा दोष कुणाला द्यायचा? सरांना देता येत नव्हता, त्यांच्यावर जीव होता. हिंदुरावांना द्यायची कुणाची छाती नव्हती. विजयमाला रस्त्यानं निघाली की पोरं एकमेकांना ढोसायची. एकदा मागून आवाज आला, "पाणी पाजा, काकू." ती वळली नाही. त्या पोरांमध्ये संपतही उभा होता. तो हसला नाही, पण तिथून हललाही नाही.

मेहबूब सर एकदा घरी आले. हिंदुराव बाहेर होते. सरांनी चहा घेतला नाही. "वहिनी, माफी मागायला आलोय," ते म्हणाले. "नियम मी वाचून दाखवला. पाळला जातो का, ते बघायचं माझं काम होतं. मला बघायचं नव्हतं."

"मला पण त्याला आधीच पाजता आलं असतं, सर," ती म्हणाली. "मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले."

सर वर्षअखेरीला निवृत्त झाले आणि पेठेतल्या तालमीत मुलं शिकवायला लागले.

संपत दहावीला बेताचेच गुण मिळवून पास झाला. खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण त्याच्या वाट्याला आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं वजन पासष्टच्या पुढे गेलं, काही न करता. अंगानं जे करायचं ठरवलं होतं ते केलं. वर्षभर त्यानं कुस्तीचं नाव काढलं नाही. मग एक दिवस कॉलेजातून तो परस्पर शनिवार पेठेत गेला, मेहबूब सरांच्या तालमीत. घरी सांगितलं नाही. सरांनीच फोन करून कळवलं. पहाटेची पहिली बस, वाघोली ते पेठ, रोज.

पण मधे गेलेला काळ भरून आला नाही. त्याच्याबरोबरची मुलं पुढे गेली होती. शहरातल्या एका स्पर्धेला विजयमाला न सांगता गेली. हिंदुराव आले नाहीत, "आता कशापायी," एवढं म्हणाले. ती प्रेक्षकांत सगळ्यांत वर जाऊन बसली. संपत पहिली कुस्ती जिंकला, दुसरीत चितपट झाला. पाठ मॅटला टेकल्यावर तो क्षणभर तसाच पडून छताकडे बघत राहिला. मग उठला, समोरच्याचा हात हातात घेतला, सरांच्या पाया पडला. वर बघताना त्याला आई दिसली.

ती जिना उतरून बाहेर आली. आता तो सरांबरोबर जाईल, आपण आपलं निघावं, असं तिला वाटत होतं. तो पिशवी खांद्याला अडकवून तिच्या मागे आला.

"चल," तो म्हणाला, "गर्दीच्या आत निघू."

बसथांब्यावर दोघं उभी राहिली. ऊन उतरलं होतं. त्याचा कान सुजला होता, तिला हात लावून बघावंसं वाटलं. तिनं लावला नाही. तो रस्त्याकडे बघत होता.

"तू तेव्हा तसं करायला नको होतंस," तो म्हणाला.

तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"मी बसलो असतो त्या वजनात. थोडंच राहिलं होतं."

"हो," ती म्हणाली. "थोडंच राहिलं होतं."

"परत तशी वेळ आली तर करशील?"

"करीन."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. राग होता की काय होतं, तिला ओळखता आलं नाही. वाघोलीची बस आली, भरलेली. तो आधी चढला, दांडीला धरून उभा राहिला, आणि तिच्यासाठी शेजारी हातभर जागा धरून ठेवली. वाटेत तो तिच्याशी काही बोलला नाही.